पतंगावर माझा नंबर

३ जानेवारी, शनिवार
नव्या वर्षाचा संकल्प ठरला. स्त्रियांवरील हिंसाचार संपवायचा. मागच्या वर्षीचा (रोज फिरायला जाणे) फारच खासगी होता. यंदा समाजासाठी.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या सभेत विषय मांडला. सगळे गप्प बसले, म्हणजे एकमताने मंजूर. संयोजक मीच. विमा कंपनीत उभा जन्म लोकांना मरणाबद्दल समजावण्यात गेला, त्यापुढे हे काहीच नाही. सुमित्रा म्हणाली, अहो, एखाद्या लेडी डॉक्टरला बोलवा ना बोलायला. तिला समजावलं की बायकांचा प्रश्न पुरुषाने मांडला तरच त्याला वजन येतं. तिला पटलं. लगेच भाजी निवडायला निघून गेली.

६ जानेवारी, मंगळवार. सकाळी ७
अंघोळ करताना आयडिया सुचली. पतंग! संक्रांतीला अख्खं जयपूर गच्चीवर असतं आणि मान वर करून असतं. पत्रक वाटलं तर लोक त्यात गजक, म्हणजे इथली तिळाची वडी, बांधतात. पतंगाकडे बघावंच लागतं.

घोषवाक्यही तिथेच सुचलं: 'पतंग कापा, पत्नीला जपा!' खाली माझा फोटो, त्याखाली 'मदतीसाठी संपर्क: संयोजक मोरेश्वर पाटणकर' आणि मोबाईल नंबर.

देवयानीचं म्हणणं, बाबा, सरकारी हेल्पलाइनचा नंबर टाका ना, तुमचा काय उपयोग? मतलब, तुम्ही काय करणार? मुलगी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला प्रत्येक गोष्टीत हरकत घ्यायची सवय लागली आहे. जागा नाही म्हणून सांगितलं. फोटो जरा मोठा आहे.

दुपारी झोटवाड्याला रणजीतजींच्या प्रेसमध्ये. मजकूर मराठीत बघून ते म्हणाले, साहब, यहाँ कौन पढ़ेगा? म्हटलं, मराठी मंडळाचा पतंग मराठीतच उडणार. जयपूरच्या आकाशात मराठी! त्यांनी खांदे उडवले. परप्रांतात भाषा टिकवायची तर असे खांदे सोसावे लागतात.

९ जानेवारी, शुक्रवार
पतंग आले. मधली काडी नेमकी माझ्या नाकावरून गेली आहे. बाकी उत्तम.

शपथविधीचा प्रमुख पाहुणा ठरला. १८ तारखेला आमच्या गच्चीवर सर्व पुरुष शपथ घेतील की आम्ही स्त्रीवर हात उगारणार नाही, आणि शपथ देतील आमचे शेजारी हिंदुराव. माणूस सांगलीकडचा, बँकेत मॅनेजर, दोन वर्षांपूर्वी बदलून आला. आवाज भारदस्त. आणि बायकोची काळजी किती! जयंतीला एकटं कुठे म्हणून पाठवत नाहीत. हिंदी येत नाही ना तिला, उगाच फसेल. मोबाईलसुद्धा दिलेला नाही, डोळे बिघडतात. ऑफिसला जाताना बाहेरून कुलूप लावून जातात, हल्ली चोऱ्या फार.

सुमित्राला नाव सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, दिवाळीला जयंतीने शालीतून हात बाहेर काढला नव्हता, आठवतंय का? म्हटलं, जयपूरची थंडी! ती म्हणाली, तुम्ही त्या वेळी हाफ शर्टात होता. मी काटक आहे.

११ जानेवारी, रविवार
सकाळी पंचवीस पतंग सोडले. सगळे कापले गेले, म्हणजे शहरभर पोहोचले. एक तर शेजारी हिंदुरावांच्याच अंगणात पडला. फोन सुरू झाले. प्रतिसाद अभूतपूर्व!

पहिला: अंकल, आपका पतंग हमारी छत पर है, पर मांझा बेकार है. दुसरा: ये कौनसी कोचिंग है, फीस कितनी है? (कोचिंग क्लासवाल्या गोपालपुऱ्याकडचा मुलगा असावा. फोटोत मी मास्तरसारखा दिसतो.) तिसऱ्याने नुसतंच हसून फोन ठेवला.

संध्याकाळी मात्र एक चावट फोन. कुठल्या तरी लँडलाइनवरून. हॅलो हॅलो केलं तर पलीकडे कुणी बोलेना, नुसता श्वास. पुन्हा आला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आल्यावर मात्र खडसावलं, बोलायचं नसेल तर फोन ठेवा, इथे समाजकार्य चालू आहे! ठेवला. लोकांना गांभीर्य नाही.

१२ जानेवारी, सोमवार
मंडळात गेलो तर मोबाईल घरीच विसरलो. परत आल्यावर सुमित्राला विचारलं, फोन आले का? म्हणाली, एक आला होता, राँग नंबर. राँग नंबरवर कुणी पाऊण तास बोलतं का? मोबाईलवर तसं दिसत होतं. पण बायका काय, कुणाशीही बोलतात.

रात्री जेवताना ती आणि देवयानी अगदी गप्प. बहुधा भाषणाचं टेन्शन, माझ्या.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत
काय दिवस! गच्ची फुललेली, चहूकडे स्पीकर, वो काटा, वो मारा! दुपारी सुमित्राने स्वतः सुचवलं की हिंदुरावांना वर बोलवा आणि तुमचं भाषण वाचून दाखवा. संपूर्ण. तीस वर्षांच्या संसारात ही माझं भाषण कुणालातरी ऐकवा म्हणाली, हे प्रथमच. डोळे भरून आले.

हिंदुरावांनी किल्ल्यांनी खुळखुळणारा कोट खाली आमच्या खुंटीला लावला आणि वर आले. मी वाचलं. दोनदा ते उठायला लागले तर मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून बसवलं. मधूनच पाणी प्यायला खाली डोकावलो तर सुमित्रा तिळगुळाचा डबा घेऊन बाहेरून आत येत होती. संक्रांतीचं येणंजाणं. तिच्या मागोमाग देवयानीची एक मैत्रीण, डोक्यावरून शाल ओढून, थेट देवयानीच्या खोलीत. देवयानी म्हणाली, गोपालपुऱ्याच्या हॉस्टेलला असते, कांजिण्या झाल्यात, बाबा तुम्ही अजिबात आत जायचं नाही. मला तर लहानपणी झालेल्याच नाहीत. चार हात लांब राहणार.

रात्री ८
भयंकर बातमी. हिंदुराव घरी गेले तर जयंती नाही. न सांगता माहेरी निघून गेली! आणि इतक्या चांगल्या माणसाला सोडून! मी त्यांना म्हटलं, घाबरू नका, संयोजक तुमच्या पाठीशी आहे.

१५ जानेवारी, गुरुवार
दिवसभर हिंदुरावांबरोबर गाडीतून शोध. स्टेशन झालं, सिंधी कॅम्पचा बसस्टँड झाला. कुणीतरी म्हणालं, एक मराठी बाई बस्सी गावात दिसली, तर थेट आग्रा रोडने बस्सी. तिथे निघाली नाशिकची टूर. हिंदुराव वाटेत एकदाच म्हणाले की सापडू दे, मग दाखवतो. मायेच्या माणसाला राग येतोच.

घरी आलो तर जेवण तयार. ज्वारीची भाकरी, पातळ, पापुद्रा सुटलेली, आणि हिरव्या मिरचीचा असा ठेचा की कानातून वाफ निघाली. विचारलं तर म्हणे देवयानीच्या मैत्रिणीने केलं. कांजिण्या असून! सुमित्राला म्हटलं, भाकरी अशी थापली पाहिजे, बघ जरा शीक. राजस्थानी मुलगी आहे ती.

१७ जानेवारी, शनिवार
सुमित्राच्या हातात सारखा माझाच मोबाईल. कुणाचा तरी भाऊ सांगलीहून निघाला, परवा सकाळी पोहोचतोय, असं काहीतरी चाललेलं. कोणाचा भाऊ विचारलं तर म्हणाली, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, तुम्हाला काही सांगायची सोय नाही. मला! विमा कंपनीत माझ्याकडे गोपनीय कपाटाची किल्ली असायची.

संध्याकाळी हिंदुरावांना धीर द्यायला गेलो. बिचारे बिस्किटांवर दिवस काढत होते. मनाला लागलं. घरी येऊन डब्यात दोन भाकरी आणि ठेचा भरला (सुमित्रा देवळात गेली होती) आणि नेऊन दिला. पहिला घास घेतला आणि ते थांबले. कुणी केला विचारलं. म्हटलं, देवयानीची मैत्रीण आहे, आमच्याकडेच राहते, तुमच्या सांगलीकडची म्हणून खपेल! ते हसले. चार दिवसांनी माणूस हसला. जेवणाने दुःख हलकं होतं हे खरं.

१८ जानेवारी, रविवार. रात्र
जमेल तसं लिहितो.

पाच वाजता खाली सुमित्राचं हळदीकुंकू, मंडळाच्या सगळ्या बायका बैठकीत. सहाला वर माझा शपथविधी. स्पीकर गच्चीवर, वायर खिडकीतून खाली, माइक माझ्या हातात. एकदा हॅलो म्हणून बघितलं होतं.

हिंदुराव अर्धा तास आधीच आले. वेळेचा पक्का माणूस, असं मनात म्हटलंसुद्धा. बूट काढले नाहीत. ठेचा करणारी कुठे आहे, असं विचारलं. मी देवयानीच्या खोलीकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, पण जपून हं, कांजिण्या आहेत.

तेव्हा सुमित्राने माझ्याकडे बघितलं. तसं तिने आजवर कधीच बघितलेलं नाही.

मग ती उठली आणि खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली, हातात कुंकवाचा करंडा तसाच. हिंदुराव तिला जे बोलले, ते इथे लिहिणार नाही. आतल्या जयंतीला उद्देशून जे बोलले, ते तर नाहीच. जयंती! आमच्या घरात! मी बस्सीला कुणाला शोधत होतो?

बायका एकेक करून उठल्या. कुणी ओरडलं नाही. नुसत्या येऊन सुमित्राच्या बाजूला उभ्या राहिल्या, साड्या सावरत, कुणाच्या हातात गजरा, कुणाच्या हातात वाणाची वाटी. हिंदुरावांनी ओरडत हात उगारला. आणि त्याच वेळी त्यांना स्वतःचाच भारदस्त आवाज गच्चीवरून ऐकू आला, किंचित उशिरा. मी माइक बंद केलाच नव्हता.

सगळी कॉलनी ऐकत होती. आजूबाजूच्या गच्च्यांवरचे लोक पतंग सोडून खाली आमच्या फाटकाशी आले. सामनेवाले भैया आत येऊन हिंदुरावांजवळ उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, हाथ नीचे, साहब. हात खाली आला. देवयानीने आतून आधीच फोन केला होता. थोड्याच वेळात महिला पोलीस आल्या.

शपथविधी झाला नाही. शपथेचा कागद माझ्या खिशातच होता. जनजागृती मात्र झाली म्हणायला हवी. माझ्याच माइकमुळे झाली. हे सुमित्राला सांगायला गेलो, पण सांगितलं नाही.

१९ जानेवारी, सोमवार
सकाळच्या गाडीने जयंतीचा भाऊ आला. पोलिसांकडचं काम देवयानीने सोबत राहून करून घेतलं. दुपारी निघण्यापूर्वी जयंती खोलीतून बाहेर आली. चेहऱ्यावर कांजिण्या नव्हत्या. दुसरंच होतं.

म्हटलं, आम्ही शेजारीच होतो, आधी एक शब्द बोलायचा होतास. ती रागाने नाही, अगदी सहज म्हणाली, काका, तुमचा पतंग अंगणात पडला होता. इकडे आल्यापासून घराबाहेर पहिल्यांदा मराठी वाचलं. फोन केला की मी. तीनदा केला. तोंडातून शब्दच फुटेना. तुम्ही म्हणालात बोलायचं नसेल तर ठेवा, म्हणून ठेवला. दुसऱ्या दिवशी काकूंनी घेतला. मी काही बोलेना तर त्या म्हणाल्या, घाई नाही, मी भाजी निवडत्येय, तू असू दे फोन.

मग ती माझ्या पाया पडली. मला पाय मागे घ्यायचे होते. जमलं नाही. फार वाईट वाटलं. अजून वाटतंय.

२२ जानेवारी, गुरुवार
मंडळाने अभिनंदनाचा ठराव केला, सुमित्राच्या नावाने. उरलेल्या पतंगांवर देवयानीने माझ्या फोटोवर हेल्पलाइनचा नंबर चिकटवला. बरोबर बसतो. नाकही झाकलं जातं.

नव्या वर्षाचा संकल्प बदलला. रोज फिरायला जाणे.

संध्याकाळी मोबाईल वाजला. कसा कोण जाणे, माझ्या हातात होता. अनोळखी नंबर. पलीकडे कुणी बोलेना. मी ठेवा म्हणालो नाही. कुठेतरी कुत्रं भुंकत होतं, ते ऐकत थांबलो. बऱ्याच वेळाने बाईचा आवाज आला, घर में कोई औरत है क्या? म्हटलं, जी, है.

सुमित्राला फोन दिला. तिने बोलता बोलता खुणेने कुकर दाखवला. जाऊन गॅस बारीक केला.