दार उघडले, कोणी आत आले नाही

मेहुणेबुवा,

तीर्थरूप म्हणावं तर तुम्ही माझ्याहून लहान, चिरंजीव म्हणावं तर डोक्यावर केस उरलेले नाहीत. तेव्हा नुसताच नमस्कार. गुडघा बरा असेल. इकडे मी ठणठणीत (असं तुमच्या ताईला सांगत असतो).

पत्रास कारण, आमच्या घराला तुम्ही बसवून दिलेली अक्कल. ताई लेकीच्या बाळंतपणाला गेली तेव्हा तुम्ही म्हणालात, "भाऊजी, आता घरच घराची काळजी घेईल." घेतं की! घराची घेतं, माझी नाही. मी खुर्चीत वाचत बसलो की कोपऱ्यातल्या त्या यंत्राच्या डोळ्याला वाटतं, इथे कोणी नाही, आणि तो दिवे मालवतो. मग मी अंधारात हात हलवायचे, गाडी सुटताना हलवतात तसे. फोनवर नोंदी उघडून पाहिल्या, तर त्या वेळेपुढे लिहिलेलं : 'घर रिकामे.' तुमची ताई मला जन्मभर रिकामटेकडा म्हणत आली, पण मी घरात आहे एवढं तरी ती मान्य करायची. (यंत्राशी भांडणार होतो. पण त्याचं तरी काय चुकलं? मलाही तसंच वाटतं.)

तर त्या नोंदी. पंखा लागला, पंखा बंद झाला, फ्रिज उघडा राहिला. चाळीस वर्षं शेजारी राहूनही कोणी इतकी चहाडी करणार नाही. तुम्ही शिकवलंत तसं बाकीचं गाळून फक्त दाराचं पाहिलं आणि हबकलो. 'मुख्य दार उघडले. कोणी आत आले नाही.' खाली तेच. त्याच्याखाली तेच. रोज संध्याकाळी! आता लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबली की माणूस दार उघडून बघणारच ना? असतात समोरच्या डॉक्टरीणबाई. "काही हवं होतं का?" विचारतात. मी म्हणतो, "पेपर आला का बघत होतो." संध्याकाळी! परवा त्यांनी दया येऊन स्वतःचाच पेपर माझ्या हातात ठेवला.

ताईचा मुक्काम वाढतोच आहे. आधी बाळाची सर्दी, मग लेकीची नोकरी. फोनवर विचारते, "कसं चाललंय?" मी म्हणतो, "झकास. घर कसं शांत आहे." ती म्हणते, "बरं, मग राहते अजून थोडी." आपलेच दात, आपलेच ओठ.

या नोंदी तिच्याही फोनवर दिसतात, असं तुम्ही जाता जाता म्हणाला होतात. तिची नजर जायच्या आत दाराच्या तेवढ्या पुसून टाका. पुसायचा अधिकार तुम्ही स्वतःकडे ठेवलाय (बहिणीचे भाऊ शोभता).

तुमचा, घरीच असलेला,
भाऊजी

ता. क. : चष्मा लावून पुन्हा पाहिलं. प्रत्येक नोंदीखाली ती कोणी वाचली, तेही बारीक अक्षरात येतं. दाराच्या सगळ्याच्या सगळ्या तिने वाचल्या आहेत. अगदी पहिलीसुद्धा. आणि फोनवर अवाक्षर नाही!

ता. ता. क. : पुसू नका. उलट, दार उघडलं की तिच्या फोनवर घंटा वाजेल अशी काही सोय होते का? चांगली मोठी. नातू दचकून उठला तरी चालेल.