पायरी पाडू नका

ब्रायर फोर्क, केंटकी
रविवार, २० ऑक्टोबर

प्रिय मॅमॉ,

नवा खुबा काय म्हणतोय? तुमची लेक लोरीन सांगत होती की तिच्या आईसाहेब वॉकर कोपऱ्यात ढकलून भिंतीला धरून चालतात, आणि ती कॉर्नब्रेडमध्ये साखर घालते म्हणून दोन दिवस जेवणावर रुसल्या होत्या. ऐकून बरं वाटलं. रुसायलाही अंगात ताकद लागते.

इकडे सगळं ठीक. तुमचं मांजर माझ्यावर उपकार केल्यासारखं जेवतं. पहिल्या हिमाने टोमॅटोची झाडं गेली. हिरवे राहिले होते ते तोडून मी तळले, तर एकट्या जूनीने नऊ चकत्या खाल्ल्या, डाव्या हाताने. तुमचा लेक डॅरिल तेलविहिरींवरून दर रविवारी फोन करतो, तिकडे थंडी पडली म्हणतो.

परीक्षेचं विचारलं होतंत. हाडांच्या प्रात्यक्षिकात मला पन्नासपैकी पन्नास मिळाले, अख्ख्या वर्गात एकटीला. बाईंनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. तुम्ही इथे असतात तर तो कागद फ्रिजवर लावला असतात. मी तो गाडीच्या खणात कोंबून ठेवलाय.

मॅमॉ, शेजारच्या डेल्बर्टला सांगा, शनिवारी तुमच्या ओसरीची पायरी पाडायला येऊ नको. हे पत्र मिळाल्याबरोबर फोन करा त्याला.

हे मी फोनवरच सांगणार होते. दोनदा लावला. तुमचा आवाज ऐकला आणि मांजराबद्दल बोलत सुटले. दुसऱ्या वेळी तुम्ही रडलात. "त्या मेल्या पायरीने माझ्या पोरीचा हात मोडला. तीन वर्षं डॅरिलच्या मागे लागलेय, एक खिळा मार रे बाबा, एक खिळा मार. मीच मारायला हवा होता." आणि मी काय म्हणाले? "जाऊ द्या मॅमॉ, तुमचा काय दोष." मोठ्या मनाने माफ केलं मी तुम्हाला! लिहितानाही कान तापलेत.

जूनी तुमच्या पायरीवरून पडली नाही.

तुम्ही ऑपरेशनला गेलात तेव्हा मंगळवार-गुरुवारी जूनीला कुठे ठेवशील असं विचारलं होतंत. मी म्हणाले, "सोय झालीय." ती सोय म्हणजे कॉलेजातल्या प्रयोगशाळेबाहेरचा जिना. आत लहान मुलांना बंदी आहे. सकाळी सहा ते अडीच वृद्धाश्रमात लोकांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं. मग जूनीला शाळेतून उचलायचं, सँडविच गाडीतच, चारला वर्ग. त्या मंगळवारी छोटी चाचणी होती. आधीच्या चाचणीत मी घसरले होते. आणखी एकदा घसरले असते तर हा विषय पुन्हा, आणि नर्सिंगचा अर्ज वर्षभर पुढे. म्हणून तिला पुस्तक देऊन जिन्यावर बसवलं आणि बजावलं, "आग लागली तरच दार वाजवायचं. कळलं?"

"आणि शू लागली तर?"

"तर आपली आपण जाऊन यायचं. दहा वर्षांची घोडी झालीस."

हसलो आम्ही दोघी.

कंटाळून ती कठड्यावरून घसरगुंडी खेळली आणि उजव्या हातावर पडली. त्यानंतर वर्ग सुटेपर्यंत, जवळजवळ तासभर, दाराबाहेर बसून राहिली. मी बाहेर आले तेव्हा म्हणाली, "आई, पडले मी. हात दुखतोय." मी म्हटलं, "बर्फ लावू घरी," आणि गाडीत तिला माझ्या हाडांच्या नावांच्या चिठ्ठ्या वाचायला लावल्या. बर्फ लावला की नाही, आठवत नाही.

हे एवढंच असतं तर मी तुम्हाला फोनवर सांगू शकले असते.

मनगटात आठ चिमुकली हाडं असतात. माझ्या डोक्यात त्यांचा क्रम टिकत नाही, म्हणून मी जूनीच्या मनगटावर पक्क्या शाईच्या पेनाने आकडे काढून घोकते. बुधवारी जेवणं झाल्यावर तिचा हात ओढून घेतला. उजवाच. अंगठ्याच्या बुडाशी खळगा असतो ना, तिथे एक नंबर. पेन टेकवलं आणि ती किंचाळली. मी म्हणाले, "हलू नकोस गं, आकडे बिघडतात माझे." मग ती हलली नाही, मॅमॉ. दात आवळून आठही आकडे काढू दिले. समोरच्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, या खळग्यात दाबल्यावर दुखलं तर हाड मोडल्याची शंका घ्यावी. तिचा हात हातात धरून ते वाक्य मी मोठ्याने पाठ केलं.

गुरुवारी पन्नासपैकी पन्नास.

शुक्रवारी शाळेतून फोन आला की हिला पेन्सिल धरवत नाही. दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या बाई हसल्या, "अगंबाई, नंबर घालूनच आलीस? माझं काम सोपं केलंस की!" डॉक्टरांनी एक नंबरवर बोट ठेवलं, जूनीचा चेहरा पाहिला आणि मला विचारलं, "कधी पडली?"

वृद्धाश्रमात नव्या मुलींना हे मीच शिकवते. कुणी पडलं की आधी विचारायचं, कधी. तीन दिवस झाले असं कुणी म्हणालं तर मी त्या माणसाकडे कशी बघते, ते मला माहीत आहे. जूनीला माझ्यापासून काढून घेतील असंही मनात आलं. आणि खरं सांगते, पुढेमागे याच दवाखान्यात शिकायला यायचंय, हेसुद्धा आलं. मी म्हणाले, "काल. आजीच्या ओसरीची पायरी सैल आहे."

डॉक्टरांनी जूनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "हो, काल. मांजराला खायला घालायला गेलो होतो."

माझ्या खोट्यात मांजर तिने स्वतःहून घातलं.

परत येताना विचारलं, "अगं, दार का नाही वाजवलंस?"

"आग नव्हती लागली ना."

घराजवळ आल्यावर ती म्हणाली, "मॅमॉलापण पायरीच सांगायचं?" मी हो म्हणाले.

उद्या प्लास्टर दाखवायला जायचंय, तेव्हा डॉक्टरांना मंगळवार सांगणार आहे. पुढे काय होईल ते होवो. जानेवारीत सूक्ष्मजीवशास्त्र आहे. तुम्ही परत आल्यावर जूनीला सांभाळाल का, हे विचारायला मला तोंड नाही, म्हणून विचारत नाही. पण मला अजूनही नर्स व्हायचंय. एवढं सगळं झाल्यावरही व्हायचंय, याचीच सगळ्यांत जास्त लाज वाटते.

मॅमॉला खरं लिहितेय असं जूनीला सांगितलं, तर तिने कागद ओढून घेतला. खालचं वाकडंतिकडं अक्षर तिच्या डाव्या हाताचं.

*मॅमॉ तुझी पायरी चांगली आहे. आईला रागावू नकोस. मी दार वाजवायला पाहिजे होतं.*

शेवटचं वाक्य खोड म्हणाले, ते खरं नाही म्हणाले. ऐकत नाही. "तसंच आहे ते," म्हणते. माझं आता तिला पटत नाही, मॅमॉ. तुम्ही फोन कराल तेव्हा माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल, पण तिला एवढं सांगा. तुमचं ती ऐकेल.

तुमची सून म्हणवून घ्यायला आज जीभ अडखळते, तरी तुमचीच,
ट्वायला