पंधरा मिनिटांची ट्रायल

१४ एप्रिल २०१९, रविवार
सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोअरची जबाबदारी एकमतानं माझ्याकडं आली. कालिंदी म्हणते, बाकीचे चहाला उठून गेले होते. बायकोला एकमत म्हणजे काय ते कळत नाही.
काम सोपं आहे. रोज दुपारी चारला मोटर लावायची, पंधरा मिनिटांनी बंद करायची. मोटरवाला सांडू बजावून गेला, "साहेब, पंधराच्या वर एक मिनिट नाय. पाणी खाली गेलं की मोटर कोरडी पळती, अन् जळती." पूर्वी पॅनलमधली रिले आपोआप बंद करायची. ती गेली आहे. सांडू नवीन बसवा म्हणत होता. मी म्हटलं, मी आहे ना. चितेगावला कंपनीत सव्वीस वर्षं शिफ्ट सांभाळली. रिले काय करणार ते मी करीन.

१७ एप्रिल
मोटरजवळ नुसतं बसवत नाही. मुलानं, शंतनूनं, पुण्याहून जुना फोन पाठवलाय, त्यात पिनबॉल टाकला. खाली दोन फ्लिपर, वरून येणारा चेंडू पडू द्यायचा नाही, एवढंच. ट्रायल फुकट, रोज पंधरा मिनिटं. मग स्क्रीन थिजतो, चेंडू असेल तिथंच लटकतो आणि पूर्ण गेम विकत घ्या म्हणून पाटी येते. मी घेणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

२० एप्रिल
मोठा शोध. गेम थांबला की मोटर बंद. दोन्ही पंधराच मिनिटं. घड्याळाकडं बघायचंच काम नाही. सांडूला सांगितलं, तो नुसता बघत राहिला. नव्या टेक्नॉलॉजीचं लोकांना दडपण येतं.

२९ एप्रिल
समोरच्या नव्या टॉवरवाल्यांचं बोअर खोदणं तिसऱ्या दिवशीही चालूच. सातशे फूट गेले म्हणे. आमची फरशी हादरते. वाळत घातलेल्या कपड्यांवर पांढरी धूळ. खोल जाऊनही नुसती धूळच.
आपलं पाणी शेवटची दोन मिनिटं गढूळ येतं. कुणाला बोललो नाही. लोक उगाच घाबरतात.

६ मे
आज आठ लाख नव्वद हजार. एकदम तीन चेंडू सुटतात तो बोनस लागला आणि तेवढ्यात ट्रायल संपली. मुद्दाम करतात. माणसाला बरोबर काठावर आणून सोडतात.
सांडू म्हणाला, आता दहाच मिनिटं चालवा. पण ट्रायल पंधराची आहे. मधेच उठलं तर त्या दिवसाचा डाव वाया. पंधराच ठेवली.

१५ मे
मोटरचा आवाज बदललाय. दुसऱ्या मजल्यावरच्या लीलाबाई दुपारी खाली सावलीत येऊन बसतात. एकट्या असतात, पंच्याहत्तरीच्या. त्या म्हणाल्या, "अनंतराव, ही घशात अडकल्यासारखी का करतीय?" मी म्हटलं, ऊन. त्यांना पटलं. माझ्यावर त्यांचा फार विश्वास.

१९ मे
नीट विचार केला. गेम विकत घेतला तर घरी निवांत खेळता येईल, मोटरजवळ फोनला हात लावायची गरज उरणार नाही. म्हणजे विकत घेणं सोसायटीच्याच हिताचं. अर्थात घेणार नाही.

२३ मे, गुरुवार, संध्याकाळी ७
जे झालं ते क्रमानं लिहितो.
चारला मोटर लावली. स्कोअर नऊ लाख अठ्ठ्याण्णव हजार. तिन्ही चेंडू वर. स्क्रीन थिजला. पाटी आली. शंतनूनं स्वतःचं कार्ड फोनला जोडूनच दिलं होतं. एका बोटाचं काम.
गेम सुरू झाला आणि थांबलाच नाही. तोच तर दोष आहे त्यात. मधे लीलाबाईंनी विचारलं, अजून टाकी भरायचीय का. मी मान हलवली असावी. नंतर त्याच म्हणाल्या, पॅनलकडून कसलातरी वास येतोय.
सांडूनं येऊन बघितलं. मोटर जळाली. ती बोअरमधून वर ओढायला गेला तर येईना. म्हणाला, बोअर आतून ढासळलं, माती धरून बसली. आता यातून पाणी नाय.
सगळ्यांना व्होल्टेज सांगितलं. सांडूनं साहित्य गोळा केलं आणि गेला.

२६ मे
टँकर. पाइप खालच्या पिंपापर्यंतच. वर बादल्या. लीलाबाईंच्या दोन बादल्या रोज मी पोचवायच्या, असं स्वतःहून कबूल केलं. मोटर नाही तर माणूस आहे.

२९ मे
पाच-सात मिनिटं उशीर झाला, यापेक्षा जास्त नाही. डाव संपवून उठणारच होतो. तोवर लीलाबाई स्वतःच बादली घेऊन निघाल्या. दुसऱ्या वळणावर पाय घसरला. खुब्याचं हाड. जिन्यावरून पाणी पार खालपर्यंत आलं. एरवी ते कुणी वाया जाऊ दिलं नसतं.
बादली त्यांनी अर्धीच भरायला हवी होती.

३० मे
शंतनूचा फोन, कालिंदीला. गेमची पावती त्याच्या मेलवर गेली होती. त्यानं ती तिला पाठवली. काही विचारलं नाही म्हणे, नुसती पाठवली.
कालिंदीनं मला विचारलं, "मोटर कशानं जळाली?"
व्होल्टेज, म्हटलं.
तिनं फोन माझ्यासमोर ठेवला. २३ मे, चार वाजून सोळा मिनिटं. मग बादली उचलून खाली गेली. मी आणतो म्हटलं. तिनं ऐकलं नसावं.

२ जून, रविवार
पार्किंगमध्ये मीटिंग. तिसऱ्या मजल्यावरच्या सर्जेरावांचं म्हणणं, मोटर माझ्या दुर्लक्षानं गेली. मी व्होल्टेज समजावून सांगितलं. दोघा-तिघांनी मानाही डोलावल्या. एवढ्यात दवाखान्यातून लीलाबाईंचा फोन आला. ऑपरेशन परवाच झालंय, आवाज खोल गेलेला. मीटिंग आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. सर्जेरावांनी स्पीकरवर घेतलं.
त्या म्हणाल्या, "अनंतरावांना बोल लावू नका. मी समोरच बसले होते. तो माणूस पाऊण तास मोटरपासून हलला नाही."
 मग सर्जेरावांनी हळूच विचारलं, "पाऊण तास?"
सगळे माझ्याकडं बघत होते. कालिंदी सोडून.
मी उत्तर द्यायला उभा राहिलो.