खुडूक कोंबडी आणि आपला पाळणा

सौ. लंकाक्कास,

धाकट्या साळूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे ऊन सोडून सगळं बरं. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव, पण थोडक्यात कळव.

फोन सोडून पत्र लिहायला बसले (चौथीपर्यंतचं अक्षर आहे, चष्मा लावून वाच), कारण तू राजूरहून अशी ओरडतेस की श्रीरामपूरला फोनची गरजच पडू नये. परवा ओरडलीस, पाळणा घासून ठेवलाय, कधी पाठवू? फोन माझ्या सुनेच्या हातात होता. मोनिका म्हणाली, मावशी, आमचं अजून ठरलं नाही, आणि फोन माझ्याकडे दिला. तू मला विचारलंस, यात ठरवायचं काय असतं? ते सांगते.

मोनिकाचं काम तुला माहीत आहे, शेतकऱ्यांना मोबाईलवर हवामानाचे मेसेज पाठवायचे. (मलाही पाठवते, घरातल्या घरात. बारा ते चार उन्हात जाऊ नये म्हणे. मग वाळवण राखायला कोण, मेसेज?) त्यामुळे पुढच्या चाळीस वर्षांचं ऊन तिला आत्ताच पाठ. लग्नाला सहा वर्षं झाली, आणि दोघं म्हणतात, असे दिवस येणार असताना लेकरू आणावं की नाही तेच कळत नाही. हर्षल काय, ती म्हणेल ते. बापावर गेलाय. (तेवढं एक बरं आहे.)

मी तीन दिवस भांडले. म्हणाले, आमची आक्का बहात्तरच्या दुष्काळात झाली, आज बघ कशी दगडासारखी आहे (गुडघ्यांचं सांगितलं नाही). तर विचारते कशी, आई, त्या साली गावातली किती पोरं गेली? मी तिला डाळीला फोडणी घालायला पाठवलं. फोडणी घालून परत आली, आणि म्हणाली, चाळीस वर्षांनी प्यायला पाणी नसलं तर ते लेकरू कुणाला जाब विचारेल? मी म्हणाले, मला काय माहीत, तोवर मी नसेन. ती म्हणाली, तेच तर.

चौथ्या दिवशी माझी ठिपकी कोंबडी खुडूक झाली. अंड्यांवरून उठेचना. तुला माहीत आहे, वैशाखात मी अंडी बसवत नाही. निम्मी नासतात, निघतात ती पिल्लं चोच वासून मरतात. अंडी काढून घेतली तर रिकाम्या टोपलीत बसली. मग बसणं सुटावं म्हणून आपल्या आईच्या रीतीने धरून बादलीत बुचकळली. फडफडली, माझी साडी भिजवली, परत टोपलीत. असं तीन वेळा. शेवटी मी चिडून म्हणाले, "अगं भवाने, या उन्हात पिल्लं काढून मारायचीत का? पाऊस पडू दे, मग बस की."

मोनिका दारातच उभी होती. वाटलं, आता हसेल. हसली नाही. टॉवेल पुढे केला आणि म्हणाली, "आई, मला बादली लागली नाही, एवढाच फरक."

आक्का, आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं ऐकून घेतलं. (आमच्या ह्यांनी तारीख लिहून ठेवलीय.) तिचे डोळे भरले होते. नकोच असतं तर रडली असती का गं? तिला हवंय आणि भीती वाटते. ती भीती खुळी आहे असं म्हणायला तोंड उघडलं, तर समोर कोंबडी उभी, ओली.

तेव्हा आता तिचं ती ठरवेल. व्हय म्हणाली तरी कळवीन, न्हाई म्हणाली तरी कळवीन. तोवर फोनवर हा विषय काढायचा नाही. त्यापेक्षा गुडघ्यांवर बोल, तासभर बोल.

तुझी,
साळू

ता.क. पाळणा पाठवू नको.

ता.क. दुसरा. ठिपकी आता माठाच्या तिवईखाली जाऊन बसलीय, घरातली सगळ्यात गार जागा ती. पोटाखाली चार अंडी आहेत. मी ठेवलेली नाहीत. भोवती ओलं गोणपाट लावलंय, तेही मी नाही.

ता.क. तिसरा. जीपवाला मच्छिंद्र सांगत होता, तू पाळण्यात कांदे भरलेत. (घासून ठेवलाय म्हणे.) आजच काढ. रिकामा राहिला तर राहू दे.