कॅप्टन जागा सोडत नाही

तीर्थरूप मावशीला बो-रामचा वाकून नमस्कार.

थंडीने तुझे गुडघे धरले नसतील आणि काकांची होडी वेळेवर परत येत असेल, असं समजून थेट मुद्द्यावर येते. बाबा तुझ्याकडे येऊन माझ्या नावाने बोटं मोडून गेले, हे कळलं. मला सोलहून थोंगयोंगला परत आणून सुक्या मासळीच्या दुकानात बसवणार म्हणे. गुन्हा काय, तर संख्याशास्त्राचा पेपर बुडवला. बुडवला. पण का, ते कुणी विचारलं का?

त्या सकाळी विद्यापीठाच्या गेमिंग स्पर्धेत आमचा उपांत्य सामना होता. पाच जणांचा संघ, कॅप्टन मी. (एरवी वरच्या वर्गातल्या मुलांसमोर मान खाली घालून बोलावं लागतं, त्यांनी भरलेला पेला दोन्ही हातांनी घ्यावा लागतो. खेळात मात्र तीच मुलं मी 'मागे सरक रे गाढवा' म्हटलं की सरकतात. हे सुख दुकानात मिळायचं नाही.) पेपरसाठी तू पाठवलेली येओत, ती चिकट मिठाई, मी आदल्या दिवशी चौघांना वाटून टाकली. ती जशी दाताला चिकटते, तसं ती खाणाऱ्याला यश चिकटतं म्हणतात. त्यांचेही त्याच वेळी आपापले पेपर होते. त्यांना गरज होती, मला माझ्या डोक्याचा भरवसा होता.

चौघे आपापल्या खोलीतून खेळत होते, मी कॉलेजसमोरच्या गेमिंग कॅफेत, रामेनचा वाडगा कीबोर्डशेजारी ठेवून. सामना लांबला, पेपरची वेळ झाली. थे-ग्योम, माझ्याहून दोन वर्षं पुढचा, कुरकुरला, "कॅप्टन, अगं पेपर आहे ना..." मी म्हटलं, "गडाचं दार सोडून कोणी हललं तर याद राखा," आणि कटकट नको म्हणून माझ्या हेडफोनमधले सगळ्यांचे आवाज बंद केले. त्यानंतर चौघे दारात खांबासारखे उभे. अंगावर बाण येतायत, पण एक पाऊल मागे नाही. माझा ऊर भरून आला. अशा माणसांना टाकून मी पेपरला जाऊ? बाबा म्हणतात, खेळाने पोरगी बिघडली. मी म्हणते, शब्दाला जागणं मी तिथेच शिकले. आम्ही हरलो, पण एकत्र हरलो. हे बाबांना जसंच्या तसं सांग.

तुझी,
बो-राम

ता. क. एकत्र हरलो हा भाग सांगू नको. मी आवाज बंद केल्याबरोबर चौघेही उठून पेपरला गेले होते. पडद्यावर उभ्या होत्या त्या त्यांच्या खेळातल्या रिकाम्या बाहुल्या. चौघेही पास झाले.

आणखी ता. क. प्राध्यापक नाम यांच्या दाराशी रोज उभी राहून मी मंगळवारी फेरपरीक्षा मिळवली आहे. ती गेली तर दुकान ठरलेलंच. मावशी, मला खरंच भीती वाटते. येओत पाठवू नको, घेऊन तूच ये. त्याच सकाळी आमचा तिसऱ्या क्रमांकासाठीचा सामना आहे. मी कॅफेत असेन. मला खुर्चीवरून उठव आणि परीक्षेच्या खोलीपर्यंत पोचव. मी भांडेन, डाव चालू आहे म्हणेन. कॅप्टनचं अजिबात ऐकू नको.