गरम भिंत

तीर्थस्वरूप आक्का,

पायांवर डोकं ठेवतो. मी बरा आहे, दोन वेळचं नीट जेवतो. तुझे गुडघे काय म्हणतात?

महिन्यापूर्वी एका सकाळी देवाची तसबीर लावायला गेलो, तर भिंत हाताला गरम लागली. आतल्या तारा तापत होत्या. खोलीत आम्ही सहा जण, दार एकच. घरमालकाने हसण्यावारी नेलं. सोबतचा सुतार म्हणाला, "काका, थंडीत फुकटची ऊब मिळतेय, गुपचूप झोपा!" मला मात्र झोप लागेना.

दुसरी खोली मिळाली, पण महाग. आगाऊ भाडंही मागितलं. धाकटीला सांग, बोहल्यामागे मामा नसेल, रागावू नकोस. लग्नाला येण्याचं तिकीट मी काल रद्द केलं आणि नव्या खोलीत राहायला आलो.

तुझाच,
भाऊ