बिनपडद्याच्या डब्यातली आरती

१८ ऑगस्ट
पोचलो हळर्णला! वास्कोचं गोदीतलं काम सुटलं, तेरेखोलच्या हॉटेलात महिनाभरच टिकलो, आता हे. वाटेत किल्ल्याचे पडके दगड बघायला उतरलो नि बस गेली, मग चालत. ज्यांच्या घरी काम, ते गुरुदासभाऊ हसले. त्यांच्या बायकोने, जानकीवहिनींनी, भाजी आणि गरम उंडो पाव पुढे ठेवला. काम सोपं आहे. गाण्यांचा लिनक्सचा डबा, म्हणजे छोटा कॉम्प्युटरच, पण त्याला ना पडदा ना कीबोर्ड. आपल्या लॅपटॉपवरून आत शिरायचं, हुकूम टाइप करायचे. भाऊंचे वडील बाबली गेले, घुमटाच्या, मातीच्या त्या वाद्याच्या तालावर म्हटलेली त्यांची आरती त्यात रेकॉर्ड आहे. चतुर्थीला ती स्पीकरवर वाजायला हवी. मुलं परदेशी, आरतीला घरात आवाजच नाहीत. आईला फोन केला. रोज माझा आवाज ऐकल्याशिवाय ती जेवत नाही.

१९ ऑगस्ट
डबा मुका. दुपारी कळलं, पडदा नाही तरी तो येडा डबा आवाज पडद्याच्याच वाटेने पाठवत होता. यूएसबीचं साउंड कार्ड मुख्य केलं. मिक्सरमध्ये ते कुणीतरी म्यूट केलेलं, उघडलं. वाजला! बाबली एक ओळ म्हणतात, मग झील धरणाऱ्यांसाठी, मागून तीच ओळ म्हणणाऱ्यांसाठी, जागा सोडतात. वहिनींनी बजावलं, त्या जागेत तोंड उघडू नको. पण माझं तोंड! धरली की झील. वहिनींनी कपाळावर हात मारला, "तुजें तोंड बंद रावना मरे?"

२० ऑगस्ट
सकाळी आरती लावली. मोकळ्या जागेत माझा आवाज. मधल्या खोकल्यासकट. भाऊंनी माइक लपवलाय, नक्की. फोटोमागे, देव्हाऱ्याखाली, सगळीकडे शोधलं. मग डब्यालाच विचारलं, आवाज टिपणारं काय काय जोडलंय? यादी रिकामी. घसा बसलाय. भाऊ मात्र खूश. आता आरती भरायला लागली म्हणाले.

२१ ऑगस्ट
माझ्यामागे अजून एक आवाज आहे. बारीक. वहिनींना खोदून विचारलं. तो डिचोलीचा गौरेश, ज्याने डबा बसवला. जाताना त्यानेच म्यूट केलं होतं. आता खाणीवर ट्रक चालवतो. वर्ष झालं, तोंडातून शब्द फुटत नाही त्याच्या. म्हणजे भाऊंना माहीत होतं? मग मला कशाला—

२२ ऑगस्ट
घशातून नुसती हवा. फाइल पुसली, चहा संपेपर्यंत परत हजर. म्यूट केलं. मिक्सर म्यूट दाखवतो, स्पीकर गातो. वहिनी माझ्याकडे बघत नाहीत. भाऊ ओसरीवर घुमट पुसत बसलेत, विचारतात, तुझा कुणी मित्र गातो का—

२३ ऑगस्ट
पिशवी भरली. तेवढ्यात आईचा फोन. उचलला. हॅलो, हॅलो, बोल ना रे— मी तोंड उघडलं. डबा बोलला. माझ्या आवाजात. मी मजेत आहे आई, आता इथेच राहणार. आई हसली. बरं, जेवते म्हणाली. मी ओरडतोय, तिला ऐकू— नुसता वारा— ठेवू नको, आई, तो मी ना—